आजीची रक्तचंदनाची बाहुली खरी की खोटी, कसं ओळखायचं?

सहाणवाली (मूळ धागा)

दिवाळीची आवराआवर करताना आजीच्या फडताळात रक्तचंदनाची बाहुली सापडली. वीतभरही नाही. डोक्याकडून आजीने उगाळली, पायांकडून आईने, त्यामुळे आता मधलं पोट आणि जोडलेल्या हातांचा अंदाज एवढंच उरलंय. गालगुंड, मुका मार, पाय मुरगळणं, किडा चावणं, काहीही झालं की आमच्याकडे ही बाहुली निघायची. आजी साठेक वर्षांपूर्वी बालाजीला गेली होती, तेव्हा आणलेली.

झालंय असं की धाकटा भाऊ अमेरिकेहून आलाय आणि 'आठवण म्हणून मी नेतो' म्हणतोय. वहिनी म्हणते विमानतळावर धरतील. शेजारचे काका म्हणतात विकली तर लाखभर कुठे गेले नाहीत. मला आधी एवढंच कळायचंय, की हे खरं रक्तचंदन आहे का?

शंका येण्याचं कारण असं. मागच्या महिन्यात काष्ठौषधींच्या दुकानातून 'रक्तचंदन' म्हणून एक तुकडा आणला होता. तो सहाणेवर टेकवला की पाणी लगेच लालभडक होतं. बाहुली उगाळली तर गंध छान दाट येतं, पण थोडा वेळ ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी जवळपास नितळ राहतं. दोघांतलं खोटं कोण?

अर्धाकप

ताई, रक्तचंदनाच्या तस्करीवरचा तो तेलुगू सिनेमा आल्यापासून आमच्याकडे देवघरातल्या लाल पाटालाही रक्तचंदन म्हणतात. बाहुली लपवून ठेवा. :)

(धाग्यावर लक्ष ठेवून आहे, आमच्याकडेही एक आहे.)

रंधेकरी

खोटा तुकडा दुकानातला आहे. पैज लावतो.

रक्तचंदनाचा लाल रंग मुख्यतः सँटालिन नावाच्या द्रव्याचा. ते थंड पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. सहाणेवर जे लाल दिसतं तो लाकडाचा बारीक भुगा असतो, पाण्यात तरंगणारा. तो बसला की वर पाणी राहतं. तुमची बाहुली नेमकी तशीच वागतेय. पाणी लागताक्षणी लाल होत असेल तर त्या लाकडाला कुणीतरी पाण्यात सुटणारा रंग पाजलाय.

खात्री करायची असेल तर दोन गोष्टी करा. बाहुलीच्या तळाला, जिथे आधीच झिजलीय तिथे, ब्लेडने चिमूटभर कीस काढा. दोन वाट्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट. कीस दोन्हीत अर्धा-अर्धा टाका. खरं असेल तर स्पिरिट काही मिनिटांत लालकेशरी होईल आणि पाणी जवळपास जसंच्या तसं राहील.

एवढ्यावर थांबू नका, कारण आफ्रिकेतून येणाऱ्या पादौक लाकडाचा रंगही स्पिरिटमध्ये असाच उतरतो. ते रक्तचंदनाच्याच गणातलं. म्हणून दुसरी परीक्षा म्हणजे बादलीभर पाण्यात बाहुली सोडा. पक्व रक्तचंदनाचा गाभा पाण्यापेक्षा जड असतो, दगडासारखा तळाला जातो. पादौक, बिवळा, शिसव, साग हे सगळे वाळलेले असतील तर तरंगतात. अबनूस बुडतो, पण तो काळा. त्याच्याशी गल्लत होणार नाही. बुडाली आणि स्पिरिट लाल झालं, दोन्ही झालं तरच खरी समजा. लगेच पुसून सावलीत ठेवा, उन्हात नको, चिरेल.

कामाच्या बाजूने सांगतो. मी वडिलांबरोबर बिवळ्याची, शिसवाची कामं केलीत. रक्तचंदन आयुष्यात एकदाच हाताखाली आलं, एका जुन्या मूर्तीचा तुटलेला हात बसवायला. पटाशी तीन वेळा पाजावी लागली. रंध्याला तर ते दादच देत नाही, तंतू आडवेतिडवे गुंतलेले असतात, सरळ सोललं जाण्याऐवजी कपचे उडतात. शेवटी कानस आणि काचेच्या तुकड्याने खरवडत काम उरकलं. पण झाल्यावर नुसतं सुती फडकं घासलं आणि जी झळाळी आली, तिला पॉलिश लागत नाही. अंगातलंच तेल असल्यासारखं.

पानझडी

रंधेकरींच्या प्रतिसादाला +१. नावांच्या गोंधळाबद्दल थोडी भर.

रक्तचंदन आणि चंदन यांचा नात्याचा काही संबंध नाही. चंदन दुसऱ्या झाडांच्या मुळांतून अन्न ओढणारं, वेगळ्या कुळातलं. रक्तचंदन शेंगांच्या कुळातलं, म्हणजे पळस-पांगाऱ्याच्या भाऊबंदांपैकी. त्याला चंदनाचा वास नसतो. 'सुगंधी रक्तचंदन' विकायला आलं तर वरून अत्तर शिंपडलंय असं खुशाल समजा.

आपल्याकडे ज्याला हमखास रक्तचंदन म्हणतात ते झाड वेगळंच असतं. लालचुटुक, चकचकीत, दोन्हीकडून फुगीर बिया पडतात, पोरं गोळा करतात, ती थोरली गुंज. बागांमध्ये भरपूर लावलीय. तिचं लाकूडही लालसर असतं, म्हणून ही गल्लत. खऱ्या रक्तचंदनाच्या शेंगेला गोल पापडासारखा पंख असतो. पानात बहुधा तीनच पर्णिका, टोकाशी किंचित खाच असलेल्या. साल काळपट आणि चौकोनी भेगाळलेली, मगरीच्या पाठीसारखी. सालीला कोयता मारला की लाल रस येतो. पण थांबा, रस बिवळ्यालाही येतो! बिवळा त्याचा सख्खा भाऊ, आपल्या सह्याद्रीत आणि विदर्भात आहे. मधुमेहावर म्हणून ज्याचे पेले विकतात तोच. त्याच्या पानात पाच ते सात पर्णिका असतात.

हा फरक किती महागात पडू शकतो ते यवतमाळच्या प्रकरणात दिसलं. पुसद तालुक्यात वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गात एका शेतातलं जुनं झाड गेलं. ते रक्तचंदन असल्याचं धरून कोट्यवधींच्या भरपाईचा दावा झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रेल्वेला १ कोटी रुपये जमा करायला लावले. नंतर बंगळुरूच्या लाकूड संशोधन संस्थेत नमुना तपासला तर निघाला बिवळा, म्हणजे कागदोपत्री बिजासाल. किंमत कोटींवरून हजारांवर आली. झाड तेच, सावलीही तेवढीच!

कोरडवाहू

पुसदचं वाचलं तेव्हा पोटात गोळा आला होता. माझी गंमत ऐका.

आठ वर्षांपूर्वी आमच्या भागात एक रोपवाटिकावाला सभा घेत फिरत होता. 'बारा वर्षांत झाड, झाडाला लाख रुपये, आम्हीच विकत घेऊ.' तीनशे रोपं घेतली. सोबत तूर लावायला सांगितली, का तर म्हणे रक्तचंदनाला यजमान झाड लागतं. आत्ता पानझडींचं वाचून कळलं की ते चंदनाला लागतं. म्हणजे विकणाऱ्यालाच दोन झाडांतला फरक ठाऊक नव्हता. करारावरचा फोन दुसऱ्याच वर्षी बंद झाला.

आज झाडं उंच आहेत, ठिबकवर जोमाने वाढली. एक वाऱ्याने पडलं म्हणून कापून बघितलं. आडवा काप सगळा पांढरट, मधोमध करंगळीएवढा लालसर ठिपका. किंमत त्या ठिपक्याला. बाकीचं सरपण, त्यालाही कीड लवकर लागते.

येर्रगुंटला_रिटर्न

@कोरडवाहू, तुमच्या झाडांचा दोष नाही हो. ते कुठलं आहे ते बघायला हवं. मी नोकरीनिमित्त कडप्पा जिल्ह्यात सहा वर्षं काढली.

मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी कडप्पा सोडते, मग नंदलूर, राजमपेटा, कोडूर करत रेणिगुंट्याला येते. त्या पट्ट्यात खिडकीतून डोंगर दिसतात ना, ते यांचं घर. शेषाचलम, पालकोंडा, वेलिकोंडा, लंकमल. रक्तचंदन जंगलात वाढतं ते जगाच्या पाठीवर मुख्यतः पूर्व घाटाच्या या दक्षिण टोकाला. तिथली जमीन म्हणजे क्वार्टझाइटचे धोंडे आणि फटीत मूठभर माती. एप्रिलमध्ये उभं राहवत नाही इतकी धग. झाडाला पान नाही, खोडं काळी पडलेली. अशा उपासमारीत ते वाढतं, म्हणजे वाढत नाहीच जवळपास, गाभा तेवढा घट्ट करत बसतं. स्थानिक म्हणायचे, खायला घातलं की झाड पांढरं राहतं. शास्त्राने याला किती दुजोरा दिलाय ते पानझडी सांगतील, पण आम्ही पाहिलेली शेतातली आणि डोंगरातली लाकडं शेजारी ठेवली तर पोर आणि पैलवान.

तेलुगूत 'एर्र चंदनम', तमिळमध्ये 'सेम्मरम', म्हणजे लाल झाड. सहाणवाली ताई, तुमच्या आजींची बाहुली बालाजीचीच, शंका नको. तिरुपतीला या बाहुल्या राजा-राणीच्या जोडीने मिळतात. तमिळ लोक 'मरपाच्ची' म्हणतात, नवरात्रात गोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडतात त्यात ही जोडी पहिली बसते आणि लग्नात मुलीला देतात. लहान पोरांना खेळायला, तोंडात घालायलाही. आपल्याकडे येताना त्या जोडीतली एकच आली आणि थेट सहाणेवर चढली. तुमच्या आजीने राजा आणला की राणी, ते आता कळणं कठीण. :)

तोक्योनिवासी

मला वाटलं होतं या धाग्यावर माझं काही काम नाही. पण आहे.

इथे शामिसेन नावाचं तीन तारांचं वाद्य आहे. मी हौसेने शिकायला गेले तेव्हा गुरुजींनी तीन वाद्यं पुढे ठेवली. पहिल्याची दांडी 'करिन' लाकडाची, शिकाऊंसाठी. दुसऱ्याची 'शितान', म्हणजे एक प्रकारचं शिसव. तिसरं त्यांचं स्वतःचं, ते हातात दिलं नाही, दाखवलं फक्त. दांडी काळपट लाल, आणि प्रकाशात फिरवली की आतून लाटा सरकतात. 'कोकी' म्हणाले. कुठून येतं विचारलं तर म्हणाले, तुमच्याच देशातून. घरी येऊन शोधलं आणि हे आपलं रक्तचंदन निघालं! मी मात्र तोवर ते आजीच्या सहाणेपलीकडे कधी ओळखलंच नव्हतं.

तेच का लागतं हे मला वाजवायला लागल्यावर कळलं. या वाद्याला पडदे नसतात. तार नखाने दाबत दांडीवर सरकायचं. रोज तासन्‌तास तेच केलं की दांडीवर नेमक्या सुरांच्या जागी खड्डे पडतात आणि सूर फुटायला लागतो. त्या झिजेला इथे स्वतंत्र शब्द आहे, 'कान्बेरी'. मग कारागिराकडे न्यायचं, तो सगळी दांडी तासून सपाट करतो. करिनची दांडी लवकर झिजते. कोकी नखांना वर्षानुवर्षं पुरून उरतं. शिवाय जड आणि घट्ट असल्यामुळे आवाज दांडी पीत नाही, तो पुढे फेकला जातो, असं वादक सांगतात. ते मला अजून नीट ऐकू येत नाही, खोटं कशाला बोलू.

आता नवं कोकी मिळणं अवघड झालंय. जुन्या दांड्या तासून तासून वापरतात.

रंधेकरी

@तोक्योनिवासी, दंडवत. त्या लाटांनाच सगळा भाव आहे. लहरी तंतूंचं लाकूड आणि सरळ तंतूंचं लाकूड, झाड एकाच जातीचं, पण लिलावात प्रत वेगळी. आणि लाट आहे की नाही हे उभ्या झाडावरून खात्रीने कळत नाही. चोर खोडाला खाच पाडून बघतात. नसली लाट तर झाड जखमी करून पुढे.

अर्धाकप

पण एवढं जातं कुठे? शामिसेन वाजवणारे असून असून किती असणार? आणि ते अणुभट्टीत लागतं म्हणतात ते खरं का?

येर्रगुंटला_रिटर्न

अणुभट्टीची कंडी आमच्या कॅन्टीनमध्येही रोज फिरायची. किरणोत्सर्ग शोषून घेतं वगैरे. विज्ञानात त्याला काही आधार नाही. भाव का एवढा, हे कुणाला समजत नाही, म्हणून अणुभट्टी.

खरं गिऱ्हाईक चीन. तिथे याला 'त्झतान' म्हणतात. मिंग आणि चिंग राजवटींच्या दरबारी फर्निचरमध्ये याचा मान सगळ्यात वरचा, सिंहासनं, पडदे, पेट्या. बीजिंगमध्ये फक्त या लाकडाच्या कामांचं एक संग्रहालय आहे, १९९९ मध्ये उघडलेलं. घरात त्झतानची खुर्ची असणं म्हणजे आपल्याकडे वाड्याला सागवानी खांब असण्यासारखं, आणखी चार पायऱ्या वर. पैसा आला तशी मागणी वाढली. आपल्याकडून चोरून जातं, आणि ते पुरेना म्हणून झांबिया-काँगोकडचं 'मुकुला' लाकूड तोडलं गेलं. तेही याच गणातलं. साइट्स म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार. २०२२ मध्ये पनामाला झालेल्या त्याच्या बैठकीत आफ्रिकेतली या गणातली झाडंही नियंत्रणाच्या यादीत घालावी लागली, इतकी तोड झाली.

युरोपात मात्र याचा प्रवास वेगळा. मध्ययुगात तिकडचे आचारी याची पूड जेवणाला लाल रंग आणायला वापरायचे. म्हणजे आपण लेप लावतोय, चिनी बसतायत, जपानी वाजवतायत आणि गोरे खातायत!

सिनेमावरून विनोद चाललेत म्हणून एक गोष्ट लिहितो. डोंगरात कुऱ्हाड चालवणारे बहुतेक तमिळनाडूच्या जव्वादू डोंगरातले, तिरुवन्नमलईकडचे मजूर. झाड तोडण्यात तरबेज आणि घरी खायला नाही. डिसेंबर २०१३ मध्ये शेषाचलममध्ये दोन वन अधिकाऱ्यांना ठार मारलं गेलं. ७ एप्रिल २०१५ ला त्याच डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात २० मजूर मेले. मी तेव्हा तिथेच होतो. त्या आठवड्यात आमच्या कॅन्टीनमध्ये कुणी अणुभट्टीचं बोललं नाही.

फाइलवाला

मूळ प्रश्न राहिला, भावाने न्यावी का?

रक्तचंदन १९९५ पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्या नोंदीत ओंडके, लाकडाचे छिलके, पूड आणि अर्क धरलेत. घडवलेली वस्तू त्यात येत नाही. हे वाचून लोक खूश होतात. पण भारताचं स्वतःचं निर्यात धोरण त्याहून कडक आहे. जंगलातल्या लाकडाला बंदी, अपवाद सरकारने जप्त करून लिलावात काढलेल्या मालासारखे मोजके. आंध्र सरकारने २०१४ मध्ये असा मोठा ई-लिलाव केला होता. २०१९ पासून खासगी जमिनीवरच्या लागवडीला निर्यातीची वाट मिळाली, तीही परवान्यासह. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला हा सगळा पाढा वाचून दाखवायचा आणि वर 'आजीची आहे हो' म्हणायचं, एवढी उस्तवार कुणी सांगितलीय? न्हावाशेवा बंदरात याचे कंटेनर सारखे पकडले जातात, त्यामुळे नाव ऐकताच कान टवकारतात. मी नेणार नाही.

विकण्याचं तर नावच काढू नका. तेवढ्याशा झिजलेल्या तुकड्याला लाखभर? काकांना म्हणावं, तुम्हीच घ्या.

@कोरडवाहू, तुमच्यासाठी बरी बातमी. नोव्हेंबर २०२३ मध्ये साइट्सच्या स्थायी समितीने रक्तचंदनाबाबत भारतावर २००४ पासून असलेली विशेष देखरेख उठवली. लागवडीच्या मालाला त्याने वाट सोपी होईल. झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या, आत्ताच. पुढे तोडताना 'हे जंगलातलं नाही' हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल.

कोरडवाहू

धन्यवाद. नोंद झालीय, 'इतर झाडे' म्हणून. तलाठी भाऊसाहेबांना रक्तचंदन लिहा म्हटलं तर म्हणाले, आधी सिद्ध करा. पुसदचा परिणाम असावा.

पानझडी

@येर्रगुंटला_रिटर्न, खायला घातलं की पांढरं राहतं, याला थोडा आधार आहे. कमी वयात आणि जोमाने वाढलेल्या झाडात गाभा कमी भरतो. बारा वर्षांत लाख रुपये ही जाहिरात झाली. कोरडवाहूंनी झाडं तोडू मात्र नयेत. नातवाच्या नावाने ठेवावीत.

कुठली जात किती धोक्यात आहे ते ठरवणाऱ्या आयुसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये या झाडाला जरा सौम्य गटात हलवलं होतं आणि २०२१ च्या मूल्यमापनात परत 'संकटग्रस्त'मध्ये आणलं. त्यामुळे दुकानात किलोने मिळणारी स्वस्त लाल पूड पाहिली की मला तरी आधी संशयच येतो.

पिवळी_गोळी

डॉक्टर म्हणून एकच सांगते. मुका मार, साधी सूज, यावर थंड लेप म्हणून लावायला हरकत नाही. जखम उघडी असेल तर नको. आणि गालगुंड विषाणूचा आजार आहे, लेपाने गार वाटेल पण आजार आपली मुदत घेईलच. ताप चढला किंवा मूल मान वळवेना झालं तर बाहुली बाजूला ठेवून दवाखाना गाठा. दुकानातला रंग पाजलेला तुकडा मात्र कचऱ्यात.

सहाणवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. निकाल सांगते.

बादलीत सोडली, सरळ तळाला. 'टक्' असा आवाज आला आणि भाऊ दचकला. स्पिरिटची वाटी पाच मिनिटांत कडक चहासारखी लालकेशरी. पाण्याच्या वाटीत कीस नुसता पडून. दुकानातला तुकडा बादलीत मजेत तरंगत राहिला आणि सगळं पाणी गुलाबी करून ठेवलं.

बाहुली इथेच राहणार. भावाने फोटो काढून घेतले आणि पोटाकडच्या बाजूने उगाळायचं नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी आपली पायांकडूनच घेणार, आईसारखी.

काल लगेच उपयोगही झाला. लेकाचा गुडघा क्रिकेटमध्ये सुजला, लेप लावला आणि तो तसाच झोपला. आता पांढऱ्या चादरीवर तळहाताएवढा लाल डाग आहे. साबण लावला तर जाण्याऐवजी जांभळट झाला! कुणाकडे उपाय?

रंधेकरी

साबणाने तो जांभळाच होणार, सँटालिनला खार लागला की असंच होतं. आधी साध्या पाण्याने साबण पूर्ण काढा, मग वाटीत उरलेलं स्पिरिट नको, ते लाल झालंय. बाटलीतलं नवीन घ्या.